तासभर मागेपुढे

ठाण्याहून सव्वाआठच्या सुमारास सीएसएमटीकडे निघणारी जलद लोकल आणि साडेदहानंतरची जलद लोकल एकाच रुळांवरून धावतात, पण त्यांतले प्रवास अगदी वेगळे असतात. पहिलीत दारात पाय टेकवायला मिळाला तरी माणूस गाडी मिळाली असं म्हणतो. दुसरीत दोन सीटांच्या मधे नीट उभं राहता येतं, आणि कुर्ला येईपर्यंत कदाचित टेकायलाही मिळतं. रेल्वेच्या भाषेत पहिल्या गाडीतल्या गर्दीला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी. ही गर्दी दिवसभर नसते. सकाळी दोन-अडीच तास आणि संध्याकाळी तीनेक तास, एवढाच तिचा अंमल. तिच्यातून बाहेर पडायला घर बदलावं लागत नाही की नोकरी. कार्ड पंच करायची वेळ तासभर सरकली तरी पुरतं.

लवचीक कामाचा विषय निघाला की बोलणं लगेच ‘वर्क फ्रॉम होम’वर जातं. २०२० नंतर ते साहजिकही आहे. पण ठाणे आणि नवी मुंबईतल्या नोकरदाराला घरी बसून काम करण्यापेक्षा घरातून कधी निघायचं हे ठरवण्याची मुभा जास्त उपयोगी पडते, असं माझं ठाम मत आहे. घरून काम करणं लॅपटॉपवाल्यांनाच शक्य असतं. तासभर मागेपुढे होणं अकाउंट्सच्या कारकुनाला, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला, ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसाला, गोदामाची नोंद ठेवणाऱ्यालाही जमतं. त्याला कंपनीचा खर्च जवळजवळ शून्य, आणि कर्मचाऱ्याच्या अंगावर त्याचा परिणाम पहिल्याच आठवड्यात दिसतो.

देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली. तेव्हापासून या शहराचं घड्याळ रेल्वेला बांधलेलं आहे. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, त्यांतले काही दगावले. त्यानंतर मध्य रेल्वेने शेकडो आस्थापनांना कामाच्या वेळा विभागून ठेवण्याची विनंती केली. राज्य सरकारने आपल्या कार्यालयांसाठी त्याआधीच, २९ फेब्रुवारी २०२०पासून, पाच दिवसांचा आठवडा आणि पावणेदहा ते सव्वासहा अशी वेळ लागू केलेली होती. पण खासगी ऑफिसांत साडेनऊ हा आकडा अजून दगडावर कोरल्यासारखा आहे. दाराला लटकणाऱ्याला आपण बेदरकार म्हणतो. त्याचा लेट मार्क साडेनऊला लागतो की पावणेअकराला, हे क्वचितच विचारतो.

आपल्या भागाचा भूगोलही पाहायला हवा, कारण इथे सगळे लोक एकाच दिशेने जात नाहीत. डोंबिवली, कल्याण, बदलापूरची माणसं ठाण्याला उतरतात आणि पूल चढून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या फलाटाकडे वळतात. २००४ साली सुरू झालेल्या या मार्गामुळे ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे इथली ऑफिसं आवाक्यात आली, पण ठाण्याच्या पुलांवरचा ताण वाढला. कळव्याहून थेट ऐरोलीला जोडणारा उन्नत मार्ग झाला की हे लोक ठाण्याला न उतरताच जातील. त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४मध्ये सुरू झालं, जोडमार्ग मात्र रखडला आहे. रस्त्याने जाणाऱ्यांची दुखणी वेगळी. घोडबंदर रोडवर कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंतचं अंतर तेच, पण सकाळी सात आणि सकाळी नऊ यांत वेळ दुप्पट होऊ शकतो. पुढे कळवा पूल, विटाव्याचा रेल्वेखालचा रस्ता, ऐरोली-मुलुंड पूल, प्रत्येकाची अडण्याची वेळ निराळी.

म्हणून वेळ बदलून मागण्याआधी स्वतःची वेळ मोजावी. दोन आठवडे तीन रकाने भरायचे: दाराबाहेर पडलो किती वाजता, टेबलाशी पोचलो किती वाजता, बसायला मिळालं की नाही. शक्य असेल तेव्हा निघायची वेळ वीस-वीस मिनिटांनी बदलून पाहायची. बहुतेकांना असं दिसतं, की प्रवासाचा वेळ सरळ रेषेत कमी होत नाही. एका ठरावीक ठिकाणी एकदम उतरतो. कुणासाठी ते ठिकाण सकाळी सात दहाला असतं, कुणासाठी नऊ चाळीसला. अर्ध्या तासाची सवलत मिळूनही ती या उताराच्या अलीकडेच संपत असेल, तर तिचा उपयोग नाही. मग पाऊण तास मागावा. लवकर निघण्याचा पर्यायही उघडा ठेवावा. आठ ते साडेचार अशी वेळ मागणाऱ्याला होकार लवकर मिळतो, कारण सकाळी लवकर येणारा माणूस साहेबाला मेहनती वाटतो. हे न्याय्य नाही, पण खरं आहे.

शाळांच्या वेळेने या गणितात गेल्या काही वर्षांत मोठा फरक पडला. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असं राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४मध्ये सांगितलं. मुलांसाठी निर्णय चांगलाच. पण पूर्वी सातला मूल बसमध्ये बसवून आई-वडील आठची लोकल गाठत. आता मूल पावणेनऊला घराबाहेर पडतं, आणि साडेनऊचा लेट मार्क टाळायला आईला आठलाच निघावं लागतं. मधल्या पाऊण तासाची जबाबदारी आजी-आजोबांवर, शेजारच्या काकूंवर किंवा पगारी बाईंवर जाते. ज्या घरात यांपैकी कुणीच नाही, तिथे बहुधा बाईच नोकरी सोडते. साडेदहाला ऑफिस चालू करायची परवानगी अशा घरात एक नोकरी वाचवते. मला वाटतं, कुठल्याही कंपनीला लवचीक वेळेचा फायदा समजावायचा तर या एका उदाहरणापलीकडे जायची गरज नाही.

आता तासांचा हिशेब. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ याने दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, आणि विश्रांतीसकट दिवसाचा एकूण पसारा साडेदहा तास अशी चौकट आखली. जादा कामाला दुप्पट दराने मोबदला. सप्टेंबर २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळाने रोजची मर्यादा ९ वरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली, त्यामुळे आपल्या आस्थापनेला आज नेमकं काय लागू आहे ते एचआरकडून लेखी विचारून घ्यावं. व्यवस्थापकीय पदावरच्या लोकांना ही चौकट लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावं. बढती मिळून ‘मॅनेजर’ झालेल्यांना हे उशिरा कळतं.

२०१७च्या आकड्यांचा प्रत्यक्षातला अर्थ असा. ४८ तास पाच दिवसांत बसवायचे तर रोज ९ तास ३६ मिनिटं होतात, म्हणजे ९ तासांची मर्यादा ओलांडली जाते. त्यामुळे नऊ तासांच्या चौकटीत पाच दिवसांचा आठवडा ४५ तासांच्या वर जाऊ शकत नाही. दुसरं, कंपनी ‘नऊ तास’ म्हणते तेव्हा ते जेवणासकट की जेवण सोडून, हे विचारलंच पाहिजे. साडेनऊ ते साडेसहा म्हणजे ऑफिसात नऊ तास, पण जेवणाची सुट्टी तासाभराची असेल तर काम आठच तास, कारण विश्रांती कामात धरत नाहीत. लवचीक वेळ देताना काही ठिकाणी गुपचूप जेवणाचा तास वेगळा काढला जातो आणि माणूस रोज तासभर जास्त थांबतो. तिसरी अडचण मधली फट मागणाऱ्यांची. सकाळी आठ ते एक काम, मग मुलांची शाळा नि जेवणं, परत चार ते आठ: कामाचे तास नऊच, पण पसारा बारा तासांचा. साडेदहा तासांच्या नियमात ते बसत नाही, म्हणून एचआर नाही म्हणतं आणि अर्जदाराला वाटतं आपल्यावर राग आहे. हीच फट दीड तासाची मागितली तर नियमात बसते.

बरं, परवानगी मिळाली. तरीही लवचीक वेळ सर्वात जास्त वेळा कुठे फसते, तर हजेरीच्या यंत्रात. साहेब तोंडी ‘चालेल, ये साडेदहाला’ म्हणतात. बायोमेट्रिकच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र त्या माणसाच्या नावापुढे ‘जनरल शिफ्ट, ९.३०’ असंच असतं. यंत्र रोज इमानेइतबारे लेट मार्क लावतं. पुष्कळ ऑफिसांत तीन लेट मार्कला अर्धा दिवस रजा कापायचा नियम असतो, म्हणजे बावीस दिवसांच्या महिन्यात साडेतीन दिवस गेले. हे उघड होतं पगाराच्या चिठ्ठीवर, आणि तोवर हजेरीची कटऑफ तारीख उलटून गेलेली असते. मागच्या महिन्याची दुरुस्ती पुढच्या पगारात. म्हणून परवानगीच्या दिवशीच तीन गोष्टी करून घ्याव्यात: एचआरकडून ईमेल, हजेरीच्या प्रणालीत नवा शिफ्ट कोड, आणि आठवड्याभराने स्वतःची हजेरी उघडून खात्री. बदली होऊन नवे साहेब आले तर तोंडी शब्दाला काही किंमत उरत नाही. ईमेल टिकतो.

अर्ज कसा लिहावा? एक पान पुरे. घरच्या अडचणींचं वर्णन दोन ओळींत संपवावं. पानभर अडचणी वाचून साहेबाला सहानुभूती वाटते, पण निर्णय घ्यायला आधार मिळत नाही. उरलेल्या पानात काम मांडावं. माझ्याकडची कुठली कामं ठरावीक वेळेलाच होतात आणि कुठली केव्हाही होऊ शकतात. साडेनऊ ते साडेदहा या वेळात माझ्या जागी फोन कोण घेईल, आणि त्याच्या बदल्यात संध्याकाळचा कुठला भार मी उचलेन. सगळ्यांनी हजर असायचे तास कोणते; अकरा ते चार ही वेळ बहुतेक ठिकाणी चालते. शेवटी, आठ आठवडे करून पाहू, मग बसून ठरवू, असा प्रस्ताव. मुदत घातली की होकार सोपा जातो. आणि त्या आठ आठवड्यांत काय मोजायचं तेही आधीच लिहावं: किती बिलं निघाली, किती तक्रारी मिटल्या, कुठला अहवाल उशिरा गेला. मोजमाप नसलं की निर्णय कुणाच्या तरी मनातल्या समजुतीवर जातो, आणि समजूत बहुधा डोळ्यांसमोर बसलेल्याच्या बाजूने असते.

संध्याकाळची बाजूही तितकीच महत्त्वाची. सकाळी आठला आलेला माणूस साडेचारला उठतो तेव्हा ‘हाफ डे का?’ असा टोमणा येतो, आणि पावणेसहाला ठेवलेली मीटिंग त्याला थांबवते. उशिरा येणाऱ्याचं उलट: तो साडेसातपर्यंत थांबणारच, म्हणून सातला नवं काम येतं. दोघांचाही फायदा इथेच गळून जातो. अकरा ते चारच्या बाहेर मीटिंग नाही, एवढा एकच नियम गटाने पाळला तर बाकीच्या दहा नियमांची गरज पडत नाही. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलेलं आहे, पण कायदा झालेला नाही. तोवर हे गटातच ठरवावं लागतं.

घरून कामाचं म्हणाल, तर आठवड्यातले दोन दिवस ही मात्रा मला योग्य वाटते. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी ट्रिप डॉट कॉम या चिनी कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. जन्मतारीख विषम असलेल्यांना बुधवार-शुक्रवार घरून काम, सम असलेल्यांना पाचही दिवस ऑफिस. कामगिरीत आणि बढतीत फरक पडला नाही. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण मात्र एक तृतीयांशाने घटलं, आणि ही घट स्त्रियांत, व्यवस्थापक नसलेल्यांत आणि लांबून येणाऱ्यांत ठळक होती. लांबून येणारे म्हणजे आपल्याकडचे बदलापूर ते महापे करणारेच की.

घरचा खर्च मात्र आधीच धरावा. लॅपटॉप ५० वॉट, बाहेरचा स्क्रीन २५, राउटर १०, पंखा ६०, दिवा २०, मिळून साधारण १६५ वॉट. नऊ तासांचे दीड युनिट. महिन्यात आठ-नऊ दिवसांचे तेराएक युनिट, म्हणजे किरकोळ. एसी लावला की चित्र बदलतं. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी उन्हाळ्यात तासाला एक युनिटच्या आसपास खातो. सहा तास, नऊ दिवस म्हणजे ५४ युनिट. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात. ज्या घराचा वापर २७० आहे ते ३००च्या पलीकडे जातं आणि वरचे युनिट महाग दराने लागतात. प्रवासातली बचत कशात होते तेही पाहावं. लोकलच्या मासिक पासाची किंमत एकेरी तिकिटाच्या किमतीने भागली की किती फेऱ्यांनंतर पास परवडतो ते कळतं. दुसऱ्या वर्गाचा पास महिन्यात बारा-तेरा दिवस जाणाऱ्यालाही परवडतोच. खरी बचत शेअर रिक्षा, कॅब आणि बाहेरच्या जेवणात. एसी लोकलचा पास असेल तर हा भागाकार आवर्जून करावा.

इंटरनेटची एक अडचण बहुतेकांना उशिरा कळते. वीज गेली तरी चालावं म्हणून लोक राउटरसाठी छोटा यूपीएस आणतात. अडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते पाहून घेतला तर तो दोनेक तास काढतो. पण फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो. एवढं करूनही नेट गेलं, तर दोष जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या स्विचमध्ये असतो: केबलवाल्याने इमारतीपर्यंत फायबर आणून तिथून घराघरांत लॅनची वायर ओढलेली असते, आणि तो स्विच सोसायटीच्या विजेवर चालतो. फायबर थेट घरात येतं की जिन्यातून वायर, हे कनेक्शन घेतानाच विचारावं.

जागेचं सांगायचं तर वन बीएचकेमध्ये ऑफिसचं टेबल मावत नाही, हे मान्य. भिंतीला दुमडणारी ६० बाय ४५ सेंटिमीटरची फळी, जमिनीपासून ७२-७५ सेंटिमीटरवर, लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं आणि वेगळा कीबोर्ड. कोपर काटकोनात, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. पलंगावर मांडी घालून काम करणाऱ्याची पाठ महिन्याभरात बोलायला लागते. घरात दोघं काम करणारे असतील तर घरचे दिवस वेगवेगळे घ्यावेत. एकाच खोलीत दोन कॉल चालत नाहीत. आणि घरी असलेली बाई म्हणजे मोकळी बाई, हा समज घरातल्यांनीच सोडायला हवा. पाहुण्यांचा चहा, गॅसवाला, कुरिअर, सगळं तिच्याकडे आलं तर नुसत्या घरून कामाच्या परवानगीने तिचं काही हलकं होत नाही.

बाळंतपणानंतरच्या बाईला मात्र हे मागायला कायद्याचा आधार आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांपर्यंतची रजा दिली आणि कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद केली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही त्यातच. रजेवर जाण्याआधीच अटी लिहून घ्याव्यात. सव्वीसाव्या आठवड्यात बोलणी सुरू केली तर उशीर झालेला असतो. उशिरापर्यंत थांबणाऱ्या मुलींनी कॅबचं विचारावं. कंपनीची गाडी शिफ्टच्या वेळेला बांधलेली असते, आणि वेळ बदलली की नाव यादीतून गळतं.

पावसाळ्याचं कलम वेगळं असावं. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं, रुळांवर पाणी आलं, की घरी थांबायचं हे सगळ्यांना कळतं. अडतं ते निर्णयावर. कोण ठरवणार आणि किती वाजेपर्यंत, हे लिहिलेलं हवं. अंबरनाथचा माणूस सव्वासहाला घर सोडतो. त्याला साडेआठला आलेला मेसेज काय कामाचा? हवामान खात्याचा रेड अलर्ट आदल्या रात्री असेल तर दुसऱ्या दिवशी घरून काम आपोआप लागू, असा नियम सर्वात सुटसुटीत.

राहिले ते पाळीतले लोक. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले रसायन कारखाने, हॉस्पिटलांतल्या परिचारिका, डेटा सेंटरचे तंत्रज्ञ, सुरक्षारक्षक. लवचीक कामाच्या चर्चेत यांचं नाव येत नाही, आणि मला ते फार खुपतं. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात हे घड्याळ त्यांना हलवता येत नाही. पण त्यांच्यासाठीही बरंच करता येतं. पाळ्यांचा तक्ता किमान पंधरा दिवस आधी लागावा; शनिवारी संध्याकाळी सोमवारची पाळी कळली तर दवाखाना, लग्न, मुलांची परीक्षा, कशाचंच नियोजन होत नाही. पाळीची अदलाबदल दोघांच्या सहीने आणि सुपरवायझरला कळवून करता यावी, कारण न देता. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकाव्यात. उलट्या फिरवल्या तर झोप सावरायला शरीराला जास्त त्रास होतो. आणि रात्री अकराला सुटलेल्याला सकाळी सातला परत बोलवू नये. रबाळ्याहून डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत साडेबारा होतात आणि पाचला उठायचं असतं. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही म्हणून डबल ड्युटी करावी लागली, तर त्याचा ओव्हरटाइम दुप्पट दराने त्याच महिन्यात मिळावा, आणि पुढची पाळी दुसऱ्या कुणावर ढकलायची हे माणसाने नव्हे, तक्त्याने आधीच ठरवलेलं असावं.